क्लॅरेन्स सीडॉर्फ : तीन क्लब, चार चषक

१९९५ साली व्हिएन्नामध्ये नेदरलँड्सच्या आयाक्सने इटलीच्या एसी मिलानला १-० असे हरवून चॅम्पियन्स लीग ही युरोपातील क्लबांची सर्वांत मोठी फुटबॉल स्पर्धा जिंकली, तेव्हा आयाक्सच्या मधल्या फळीत एकोणीस वर्षांचा क्लॅरेन्स सीडॉर्फ खेळत होता. सुरिनाममधील पारामारिबो येथे जन्मलेला आणि लहानपणीच कुटुंबासोबत नेदरलँड्सला आलेला हा मुलगा सोळाव्या वर्षीच मुख्य संघात दाखल झाला होता.

त्याच उन्हाळ्यात तो इटलीतील सॅम्पडोरियाकडे गेला आणि वर्षभराने रेआल माद्रिदकडे. माद्रिदने चॅम्पियन्स लीगचा १९९८ चा अंतिम सामना युव्हेंटसविरुद्ध जिंकला, तोही अ‍ॅमस्टरडॅममध्ये, आयाक्सच्याच मैदानावर.

वारंवार क्लब बदलणारा खेळाडू कुठेच रुजत नाही, असा एक समज आहे. सीडॉर्फला तो मुळीच लागू पडत नाही. दोन्ही पायांनी सारख्याच ताकदीने खेळणारा, अंगाची आड धरून चेंडू राखणारा आणि लांबून जबरदस्त फटका मारणारा हा खेळाडू प्रशिक्षकाने सोपवलेली कोणतीही जागा आपलीशी करत असे.

माद्रिदनंतर इंटर मिलानमधील त्याची अडीच वर्षे मात्र मोठ्या चषकाविना गेली. २००२ मध्ये इंटरने बचावपटू फ्रान्चेस्को कोकोच्या बदल्यात त्याला शहरातल्याच प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे एसी मिलानच्या, हवाली केले. तिथे प्रशिक्षक कार्लो अँचेलोत्तींनी मध्यभागी पिर्लो, उजवीकडे गत्तुसो आणि डावीकडे सीडॉर्फ अशी रचना बसवली. गत्तुसोने चेंडू हिसकावायचा, पिर्लोने खेळाची दिशा ठरवायची आणि सीडॉर्फने तो खेळ आक्रमणापर्यंत न्यायचा, ही विभागणी वर्षानुवर्षे टिकली. फेब्रुवारी २००४ मध्ये इंटरविरुद्ध ०-२ असे पिछाडीवर पडलेल्या मिलानने सामना ३-२ असा फिरवला, तेव्हा विजयी गोल सीडॉर्फनेच लांबून मारला. २००३ मध्ये मिलानने चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हाच तीन वेगवेगळ्या क्लबांकडून ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला खेळाडू ठरला होता; २००७ मध्ये मिलानसोबत त्याने ती पुन्हा जिंकली.

पेनल्टीने मात्र त्याला अनेकदा दगा दिला. राष्ट्रीय संघांच्या युरो १९९६ स्पर्धेत फ्रान्सविरुद्ध त्याचा फटका अडवला गेला आणि नेदरलँड्स बाहेर पडले. चॅम्पियन्स लीगच्या २००३ च्या अंतिम सामन्यातही युव्हेंटसचा गोलरक्षक बुफोनने त्याला रोखले. पहिल्या अपयशाची जखम सोबत असतानाही युरोपातील सर्वांत मोठ्या सामन्यात फटका मारायला पुढे येण्याचे हे धैर्य, त्याच्या कोणत्याही पदकाइतकेच मोलाचे मानायला हवे.

दहा वर्षे मिलानकडून खेळल्यावर तो क्लब सोडून तो ब्राझीलमधील बोटाफोगोकडून खेळला, तिथे २०१३ ची रिओ राज्य स्पर्धा जिंकली आणि जानेवारी २०१४ मध्ये खेळातून निवृत्त होऊन मिलानचा प्रशिक्षक म्हणून परतला.