आईच्या दुधाची उतरती आणि चढती रेषा

पडद्यावर दिसणारी ही रेषा अमेरिकेतील स्तनपानाच्या प्रमाणाची आहे. १९७२ साली ती तळाला टेकते. त्या वर्षी जन्मलेल्या दर १०० बाळांपैकी सुमारे २२ बाळांनाच अंगावर पाजायला सुरुवात झाली होती. आज हे प्रमाण ८० च्या पुढे आहे. अर्ध्या शतकात स्त्रीच्या शरीरात काही फरक पडलेला नसल्यामुळे या चढउताराची कारणे प्रसूतिगृहात, बाजारात आणि नोकरीच्या नियमांत शोधावी लागतात.

बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली, तेव्हा बाळाला आईपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवण्याची आणि दर चार तासांनी घड्याळ पाहून पाजण्याची पद्धत रूढ झाली. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते, हा पान्ह्याचा साधा नियम आहे; त्यामुळे ठरावीक वेळांच्या बंधनात अनेकींचे दूध कमी होत गेले, मग ‘दूध पुरत नाही’ असा निष्कर्ष निघाला आणि पावडरच्या दुधाचा डबा उघडला गेला. त्या आयांना दोष देणे अन्यायाचे आहे.

नॉर्वेमध्ये ही घसरण थोपवण्यासाठी आयाच पुढे आल्या. एलिझाबेट हेल्सिंग यांच्या पुढाकाराने १९६८ साली ‘अम्मेयेल्पेन’ ही संघटना उभी राहिली आणि अनुभवी आया नव्या बाळंतिणींना सल्ला देऊ लागल्या. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने पावडरच्या दुधाच्या जाहिरातबाजीला आळा घालणारी संहिता ११८ मतांनी स्वीकारली. विरोधात एकच मत पडले, ते अमेरिकेचे.

ब्राझीलची वाटचाल मात्र थांबून पाहण्याजोगी आहे. १९७५ च्या सुमारास तेथे निम्म्या बाळांचे स्तनपान अडीच महिन्यांच्या आतच सुटत असे. १९८१ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पुढे जाहिरातींवर निर्बंध आले, १९८८ च्या राज्यघटनेने १२० दिवसांची प्रसूती रजा दिली, मातृदुग्धपेढ्यांचे जाळे विणले गेले आणि घरोघरी हा संदेश पोहोचवण्यासाठी पोस्टमनचीही मदत घेण्यात आली. सहा महिन्यांखालील बाळांमध्ये निव्वळ स्तनपानाचे, म्हणजे पाणीसुद्धा न देता केवळ आईचे दूध देण्याचे प्रमाण १९८६ मध्ये जेमतेम ३ टक्के होते. २००६ पर्यंत ते ३७ टक्क्यांवर आणि २०१९ पर्यंत सुमारे ४६ टक्क्यांवर गेले.

चढत्या रेषेकडे पाहतानाही सावध राहावे लागते. ब्रिटनमध्ये २०१० साली ८१ टक्के आयांनी स्तनपान सुरू केले होते, परंतु सहाव्या महिन्यापर्यंत निव्वळ स्तनपानावर असलेली बाळे सुमारे १ टक्काच उरली. त्यानंतर २०१५ ची राष्ट्रीय पाहणी रद्द झाली, ही गोष्ट खेदाची आहे. कारण मोजणी थांबली की गळती नेमकी कोणत्या आठवड्यात होते हे कळेनासे होते.

सहा महिन्यांखालील बाळांमधील निव्वळ स्तनपानाचा जगाचा आकडा २०१२ मधील सुमारे ३८ टक्क्यांवरून २०२३ पर्यंत ४८ टक्क्यांवर आला. हा आकडा बाळाने आदल्या दिवशी काय घेतले, एवढेच विचारून काढलेला असतो. त्यात पंधरा दिवसांचे बाळही मोजले जाते आणि साडेपाच महिन्यांचेही, त्यामुळे पूर्ण सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर राहणारी बाळे यापेक्षा बरीच कमी असतात. जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून सहा महिन्यांची शिफारस करीत आहे. ब्राझीलमध्ये मात्र कायद्याने मिळणारी किमान रजा आजही १२० दिवसांचीच, म्हणजे चार महिन्यांची आहे.