ईडन्स क्रश : टीव्हीने घडवलेला पाच जणींचा गट

(दृश्य : सीडीच्या दुकानाचा काउंटर, बारकोड वाचणारा लाल प्रकाश)

२००१ साली अमेरिकेत गाण्याचा खप इथे मोजला जायचा. गिऱ्हाइकाने सिंगल, म्हणजे एकाच मुख्य गाण्याची सीडी, काउंटरवर ठेवली, बारकोड वाचला गेला, की विक्रीची नोंद साउंडस्कॅन या विक्री मोजणाऱ्या यंत्रणेकडे जायची. त्या नोंदींवरून ‘बिलबोर्ड’ हे संगीतविषयक नियतकालिक सिंगल्सच्या विक्रीची यादी काढायचं. ईडन्स क्रशचं पहिलंच गाणं, ‘गेट ओव्हर युवरसेल्फ’, या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलं. वर्ष सरता सरता गट संपला होता.

हा गट ‘पॉपस्टार्स’ या टीव्ही मालिकेतून निघाला : ऑडिशन घेऊन गायिका निवडायच्या आणि त्यांचा गट घडताना दाखवायचा. तिची मूळ कल्पना न्यूझीलंडची. १९९९ मध्ये तिथे ट्रूब्लिस हा मुलींचा गट असाच तयार झाला. अमेरिकेत ही मालिका डब्ल्यूबी वाहिनीवर जानेवारी २००१ मध्ये सुरू झाली. परीक्षक होते संगीत-निर्माते डेव्हिड फॉस्टर, त्यांची बहीण जेम्स (Jaymes) फॉस्टर आणि नृत्यदिग्दर्शक ट्रॅव्हिस पेन. प्रेक्षकांचं मतदान नव्हतं, निवड परीक्षकांचीच. निवडल्या गेल्या निकोल शर्झिंगर, आना मारिया लोम्बो, इव्हेट सोसा, मायली मिसाहोन आणि रोझाना तव्हारेझ.

(दृश्य : तालमीची खोली, पाच माइक)

पाच उत्तम गायिका उभ्या केल्या की गट होतो, असं नाही. गाण्याच्या ध्रुवपदात कुणी मूळ चाल धरते, कुणी तिच्या वरचे स्वर, कुणी खालचे. उरलेल्या दोघी चालीला जाडी देतात. ऑडिशनमध्ये प्रत्येकीने एकटीने गाऊन बाजी मारलेली असते, आणि आता तिला आवाजातलं कंपन आवरायचं असतं. पाचही जणींनी शब्द एकाच क्षणी तोडला नाही तर शेवटचा ‘स’ पाच वेळा ऐकू येतो. ध्वनिमुद्रणात तंत्रज्ञ ते जुळवून घेतो. मंचावर, नाचताना दम लागलेला असताना, ते फक्त सवयीने जमतं. ही सवय लागायला वर्षं जातात, आणि इथे हाती होते जेमतेम काही महिने.

पण घोडं अडलं ते मुख्यतः रेडिओवर. तेव्हा कंपन्या अल्बम खपावा म्हणून बरीच गाणी सिंगल म्हणून दुकानात आणतच नसत. त्यामुळे विक्रीच्या यादीत चुरस कमी होती, आणि दर आठवड्याला टीव्हीवर दिसणाऱ्या गटाला तिथे अव्वल येणं शक्य होतं. ‘बिलबोर्ड’ची हॉट १०० ही मुख्य यादी मात्र विक्रीबरोबर रेडिओवरचं प्रसारणही मोजायची, आणि त्यात प्रसारणाचं वजन बरंच जास्त. तिथे हेच गाणं आठव्या क्रमांकापर्यंत चढलं. ते यशही लहान नव्हे, पण दोन याद्यांतल्या या फरकातच पुढचा धोका दिसत होता. मालिका संपली, घराघरात होणारी जाहिरात थांबली, आणि रेडिओचा आधार तयार झालेला नव्हता. मे महिन्यात आलेला ‘पॉपस्टार्स’ हा अल्बम पहिल्या दहांत पोहोचला. ‘लव्ह धिस वे’ हे दुसरं सिंगल चाललं नाही.

त्या उन्हाळ्यात गट एनसिंक या लोकप्रिय पॉप गटाच्या दौऱ्यात सुरुवातीचं सादरीकरण करत होता. हे काम खडतर असतं. वेळ थोडा, मुख्य गटाच्या नेपथ्यापुढे मिळेल तेवढी जागा, आणि लोक अजून खुर्च्या शोधत असतात. मुलींनी मेहनतीत कसूर केली असं म्हणणं अन्यायाचं ठरेल.

शेवटचा घाव कंपनीकडून आला. त्यांची लंडन-सायर ही ध्वनिमुद्रण कंपनी त्याच वर्षी गुंडाळली गेली. वाहिनी आणि कंपनी एकाच टाइम वॉर्नर परिवारातल्या, तरी परिवारातल्या दुसऱ्या कंपनीत गटाची सोय लागली नाही. वाहिनीने तोवर मालिकेचं दुसरं पर्व आणलं होतं, आणि त्यातून सीन २३ हा नवा गट निघाला.

निकोल पुढे पुसीकॅट डॉल्स या पॉप गटाची मुख्य गायिका झाली, रोझाना टीव्हीवर सूत्रसंचालनाकडे वळली. आणि २००२ मध्ये चॅनल व्ही या संगीत वाहिनीने भारतात ‘पॉपस्टार्स’ आणलं. त्यातूनही पाच मुलींचाच गट निवडला गेला : व्हिवा. नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा त्यातल्याच. दोन अल्बम झाले, आणि मग त्याही आपापल्या वाटेने गेल्या.