आधी हात, मग वळण

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय सायकलवाल्यांचा. सायकल चालवण्याचे फायदे मी सांगणार नाही. ते डॉक्टर सांगतात, आणि पेट्रोल पंपावरचा आकडा तर रोजच सांगतो. मला बोलायचंय ते सायकलवाल्यानं रस्त्यावर वागायचं कसं, याबद्दल.

बघा, सायकलला नंबर प्लेट नाही. चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटची सक्ती मोटरसायकलवाल्याला आहे, सायकलवाल्याला नाही. पूर्वी नगरपालिका वर्षाचे पैसे भरून घेऊन पत्र्याचा एक बिल्ला द्यायची. कुणाच्या माळ्यावर आजोबांची सायकल पडून असेल तर बघा, बिल्ला अजून तिच्यावर असेल. आता तोही गेला. सिग्नल तोडला तर घरी नोटीस येत नाही. कॅमेऱ्यानं फोटो काढला तरी तो कुणाचा, हे शोधणार कोण? त्यामुळं पुष्कळांनी मनाशी ठरवून टाकलंय की सायकलवाला म्हणजे पायी चालणाराच, फक्त जरा उंचावर बसलेला. वाटलं तर रस्त्यावरून, वाटलं तर फुटपाथवरून, आणि बेळगावच्या खडे बाजारात वन वे असला तर खुशाल उलटा.

तसं नाही हो. सायकल हे वाहन आहे. बैलगाडी वाहन आहे, टांगा वाहन होता, तशी सायकलही. लाल दिवा तिलाही लागू, वन वे तिलाही लागू, डावी बाजू तिलाही लागू. शिनोळीची कर्नाटक-महाराष्ट्र हद्द ओलांडली की राज्य बदलतं, पाट्यांवरची लिपी बदलते, त्यावरून आपल्याकडं काय कमी भांडणं झालीत! पण डावी बाजू हद्दीच्या दोन्हीकडं डावीच.

आज मी दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. एक, डावी बाजू सोडायची नाही. दोन, आधी हात, मग वळण.

आपल्या भागात सायकलवाले तरी किती तऱ्हेचे! कॅरिअरला डबा अडकवून उद्यमबागेत सकाळच्या पाळीला जाणारे. पहाटे भाजीच्या बुट्ट्या घेऊन बाजाराला येणारे. २००६-०७ मध्ये सरकारनं आठवीच्या पोरांना सायकली द्यायला सुरुवात केली, तेव्हा तर खानापूर तालुक्यातल्या शाळांसमोर एकसारख्या सायकलींच्या रांगाच लागल्या. आणि आता नवे, रविवारी पहाटे जांबोटीच्या रस्त्याला निघणारे. डोक्याला हेल्मेट, अंगाला चिकटलेले कपडे, सायकलला पुढं तीन आणि मागं सात गिअर. माझा त्यांच्यावर राग नाही. पण त्या सायकलींना मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, बऱ्याच जणांकडं घंटी पण नाही! बेळगावच्या पावसात बिनमडगार्डची सायकल ज्यानं शोधून काढली, त्याला एकदा जुलै महिन्यात कॅम्पातून शहापूरपर्यंत चालवायला लावावी. पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊनच पोहोचेल. असो, विषय तो नव्हे.

आता आप्पांची गोष्ट सांगतो. माझ्या तोंडून ज्यांनी ती आधी ऐकलीय त्यांनी तेवढ्यात चहा ठेवावा.

आप्पा आमच्या गल्लीत दूध घालायचे. येळ्ळूरच्या बाजूनं यायचे. काळी दणकट सायकल, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दोन भरलेले कॅन, हँडलला एक किटली, किटलीच्या दांड्यात अडकवलेली मापं. पायजमा चेनमध्ये जाऊ नये म्हणून घोट्याला क्लिप. दुधाची सायकल ज्यांनी चालवलीय त्यांना ठाऊक आहे, ती पटकन थांबत नाही आणि पटकन वळत तर मुळीच नाही. दूध आत हिंदकळतं. तुम्ही डावीकडं वळलात तरी ते आपलं उजवीकडंच निघालेलं असतं. म्हणून आप्पा वळण यायच्या चांगलं आधी हात बाहेर काढायचे. कोपरातून अर्धवट नव्हे, खांद्यातून सरळ. एकदा मान वळवून मागं बघायचे. हात परत हँडलवर. मग वळायचे. आधी हात, मग वळण. खानापूर रोडला बसचे ड्रायव्हर तो हात दिसला की वेग कमी करायचे. आम्ही पोरं त्या हाताला सिग्नल म्हणायचो, आणि बेळगावात विजेचे सिग्नल फारसे नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे.

आप्पांच्या दुधाला साय जाड यायची. सणाला आजी त्याच दुधाचा कुंदा करायची, तांबूस रंग चढेपर्यंत आटवून. आता खव्यात साखर कालवून रंगासाठी काहीबाही घालतात आणि त्याला कुंदा म्हणतात. पाहुण्यांना गोड लागतो. मला नाही चालत.

तर एका श्रावणात, सकाळी शाळेच्या वेळेला, टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट पडलेलं. तेव्हा मीटरगेज होतं, म्हणजे अरुंद रूळ, आणि आताचे उड्डाणपूल कुणाच्या स्वप्नातही नव्हते. गेट पडलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आधी डाव्या बाजूला नीट रांग लागते. मग एक शहाणा रांगेच्या उजवीकडून पुढं जाऊन उभा राहतो. त्याच्यामागून दुसरा. त्यांच्यामागून रिक्षा. पलीकडच्या बाजूलाही तेवढेच शहाणे असतात. गाडी धडधडत निघून जाईपर्यंत दोन्हीकडं अख्खा रस्ता भरलेला, आणि गेट वर गेलं की दोन फौजा समोरासमोर. सायकलवाले तर गेट उघडायचीही वाट बघत नाहीत. सायकल आडवी करायची, डोकं वाकवायचं, आणि दांड्याखालून पलीकडं. आप्पा कधी गेले नाहीत. कॅन भरलेले असताना जमणारच नव्हतं, ते सोडा. पण मोकळे कॅन घेऊन गावाकडं परतताना, उन्हात, रस्त्यावर चिटपाखरू नसतानासुद्धा ते गेटसमोर डाव्या बाजूला पाय टेकून उभे असायचे.

त्या दिवशी गेट वर गेलं आणि दोन्हीकडचे एकदम आत घुसले. बरोबर रुळांच्या मधोमध अडकले. एक टेम्पो, दोन रिक्षा, पाच-सहा स्कूटरी, शाळेच्या पोरींच्या सायकली, आणि कुठल्याशा खात्याच्या साहेबांची पांढरी ॲम्बॅसिडर. पुढं जायला जागा नाही, मागं यायला नाही, कारण मागच्यांनी ती भरून टाकलेली. सगळे हॉर्न वाजवतायत. आणि तेवढ्यात खोलीतून गेटमन धावत बाहेर आला. बेळगाव स्टेशनात दोन गाड्यांचं क्रॉसिंग होतं, पलीकडून दुसरी गाडी सुटायच्या बेतात होती, आणि त्याला गेट पाडायचं होतं. तो कन्नडमध्ये ओरडतोय, लोक मराठीत ओरडतायत, रिक्षावाला उर्दूत, कुणीतरी कोकणीत. शिव्या मात्र सगळ्यांना सगळ्यांच्या कळत होत्या.

आप्पा डाव्या रांगेत, पाचवे की सहावे, आणि मी त्यांच्या शेजारी. त्यांनी सायकल स्टँडवर लावली. किटली माझ्या हातात दिली, म्हणाले, "धर रे, सांडू नको." अर्ध्या लिटरचं माप घेतलं आणि चालत पुढं गेले. रुळांच्या मधे उभे राहिले आणि हात वर केला. तोच तो, खांद्यातून सरळ.

मापानं टेम्पोच्या पत्र्यावर ठोकलं. "माग घे. तू उजवीकडनं आलास, तू माग घे." टेम्पोवाला वयानं लहान होता, त्यानं घेतला. त्या फटीतून आप्पांनी पहिल्यांदा शाळेच्या पोरी काढल्या. मग एक रिक्षा इकडची, एक तिकडची. स्कूटरवाले मधेच घुसायला लागले की माप खणकन वाजायचं. राहिली ॲम्बॅसिडर. ती पूर्ण उजव्या बाजूला होती. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "गाडीत साहेब आहेत."

"असू देत की वो," आप्पा म्हणाले. "रेल्वेच्या इंजिनात पण एक साहेब बसलाय, आन त्याचा ब्रेक लवकर लागत नाही."

साहेबांनी काच खाली केली आणि कन्नडमध्ये विचारलं, तू कोण? आप्पांनीही कन्नडमध्येच सांगितलं, दूधवाला, साहेब, तुमच्या शेजारच्या बंगल्यात माझंच दूध असतं, आज त्यांच्याकडं अजून चहा झालेला नाही. काच वर गेली. ॲम्बॅसिडर मागं आली. श्रोतेहो, मी त्या वयात सरकारी गाडी रिव्हर्समध्ये जाताना पहिल्यांदा बघितली.

गर्दी मोकळी झाली. जो तो भराभर निघून गेला, आणि आप्पा वळून आपल्या सायकलकडं येतायत तोवर त्यांच्या पाठीमागं गेट परत पडलं. सगळे गेले, आप्पा अलीकडंच! मी म्हणालो, "आप्पा, आता खालून जाऊया की."

"आता गेलो," ते म्हणाले, "तर मघाचे सगळे परत येतील बघायला."

दुसरी गाडी गेली. मग आम्ही गेलो. गल्लीत बायका भांडी घेऊन दारात उभ्या. आजीनं विचारलं, "एवढा उशीर?" आप्पा म्हणाले, "गेट पडलं होतं." "गेट एवढा वेळ पडतं होय?" "आज दोनदा पडलं." आजीनं पातेल्यात बघितलं. "आणि दूध पातळ कसं आज?" आप्पा म्हणाले, "पाऊस होता वो, आई."

पुढं त्या साहेबांनीही आप्पांकडूनच दूध लावलं, असं काही जण सांगतात. आप्पांच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नाही, म्हणून मी ते गोष्टीत घालत नाही.

घड्याळ बघतोय तर निम्मा वेळ आप्पांनीच खाल्ला. उरलेलं आता भराभर.

गेटचं आलंच आहे तर सांगतो, पडलेल्या गेटखालून जाणं ही नुसती घाई नाही, गुन्हा आहे. रेल्वेच्या हद्दीत असं घुसलं तर १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि आता तिथून मीटरगेजची हळू गाडी जात नाही, हे लक्षात असू द्या.

हात कसा दाखवायचा? उजवीकडं वळायचंय, उजवा हात सरळ बाहेर. डावीकडं वळायचंय, डावा हात सरळ बाहेर. वेग कमी करायचाय, तर उजवा हात बाहेर काढून तळवा खाली करायचा आणि हात वरखाली हलवायचा. आधी मागं बघा, मग हात, मग हात परत हँडलवर, मग वळा. एका हातानं वळू नका. गोगटे सर्कल किंवा चन्नम्मा सर्कलला उजवीकडं वळायचा धीर होत नसेल तर सरळ उतरा आणि सायकल ढकलत रस्ता ओलांडा. त्यात काही कमीपणा नाही. पुन्हा सांगतो, आधी हात, मग वळण.

डावी बाजू म्हणजे गटारीच्या कडेला चिकटून नव्हे. तिथं वाळू असते, काच असते, आणि लावून ठेवलेल्या गाडीचा दरवाजा फाडकन उघडतो. थोडं अंतर सोडून, पण एका रेषेत चाला. आज इकडं उद्या तिकडं असं नागमोडी नको. मागच्या गाडीवाल्याला तुमचा अंदाज आला पाहिजे. शाळा सुटल्यावर तिघी तिघी मैत्रिणी शेजारी शेजारी गप्पा मारत जातात. गप्पा मारा ग, पण मोठ्या रस्त्यावर एकीमागं एक. कानात इअरफोन नको. म्हातारं माणूस पुढं चालत असेल तर लांबूनच एकदा घंटी वाजवा, अगदी मागं येऊन नको. दचकून ते नेमकं तुमच्यासमोरच येतं.

गाडीवाल्यांनो, तुम्हीही रेडिओ बंद करू नका. सायकलवाल्याच्या बाजूनं जाताना एक हातभर तरी जास्त जागा सोडा, आणि तो हात दाखवत असेल तर हॉर्न वाजवू नका. त्यानं तुम्हाला सांगितलंय, तुम्ही ऐका. रात्री डिपर द्या. आणि पोरांना अर्ध्या किलोमीटरवरच्या शाळेत मोटारीनं सोडणाऱ्या आईबापांना मी काय बोलू? शाळेच्या दारातली निम्मी गर्दी त्यांचीच असते.

रात्री सायकलला पुढं पांढरा दिवा आणि मागं लाल रिफ्लेक्टर हवाच. डायनामो असला तर उत्तम, नसला तर बॅटरीचा छोटा दिवा कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतो. पायडलचे रिफ्लेक्टर चिखलानं माखलेले असतात, ते पुसत जा. पायडल वरखाली होतात, त्यामुळं ते लांबून चटकन ओळखू येतात.

शेवटचं, उसाबद्दल. हंगामात कारखान्यांच्या वाटेवर दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेनं निघतात. आपली पोरं सायकल शेजारी घेऊन एका हातानं ट्रॉली धरतात, दुसऱ्या हातानं ऊस ओढतात. म्हणजे हँडलला हात कुठला? मागची ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला येते आणि ड्रायव्हरला ती दिसत नाही. ऊस पाहिजे असेल तर ट्रॅक्टर थांबलेला असताना मागा, कुणी नाही म्हणत नाही. आणि ट्रॅक्टरवाले मामा, तुमच्यासाठी एकच. ट्रॉलीच्या मागं लाल रिफ्लेक्टर लावता, आणि उसाचे वाढे त्याच्यावरच लोंबत सोडता. निघायच्या आधी तेवढे कोयत्यानं छाटून टाका.

नमस्कार.