रोप मान टाकतं तेव्हा

बोलायला बरंच काही लिहून आणलं होतं, पण ते कागद आता बाजूला ठेवतो. बाहेर चपला काढत होतो तेव्हा एका काकींनी हा कप माझ्या हातात दिला. दह्याचा प्लॅस्टिकचा कप आहे आणि त्यात मिरचीचं रोप. बी आपल्या गोव्यातल्या हरमलच्या मिरचीचं, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घातलेलं, म्हणजे रोपाला महिना झाला. महिन्यात चार-सहा पानं तरी यायला हवी होती. ह्याला दोनच आली आहेत, तीही पिवळट, आणि मान खाली टाकलेली. आजचं व्याख्यान ह्या कपावरच होऊन जाऊ दे.

मी काकींना विचारलं, काय काय घातलंत? त्या आधी लाजल्या, मग एकेक सांगायला लागल्या. शेणाचं पाणी, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, पायरीवर सांडलेली चुलीतली राख. शेजाऱ्यांनी दिलेला एकोणीस-एकोणीस-एकोणीस ह्या रासायनिक खताचा चमचासुद्धा झाला. हे सगळं दहा दिवसांत! हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलं असतं. घरात कुणाला ताप आला तर आपण पेज देतो, मसालेदार शागुती वाढत नाही. रोप आजारी पडलं की मात्र आपण जेवणावळ घालतो.

आता हा कप उचलून बघा, पुढे पाठवा. जड लागला ना? पाणी देण्याआधी कप हातात घेऊन वजन बघायची सवय लावा, ह्याच्याइतकं स्वस्त यंत्र नाही. आता तळ बघा. एकही छिद्र नाही. मी रोप अलगद बाहेर काढतो. मागच्यांना दिसत नसेल, म्हणून सांगतो: मुळं पांढरी असायला हवीत, ती तपकिरी झाली आहेत. बोटांनी ओढलं तर साल सुटून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. वासही घ्या, तुंबलेल्या गटाराचा येतो.

मूळ नुसतं पाणी पीत नाही, श्वासही घेतं. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की त्याला हवा मिळत नाही. मग ते कुजतं, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे रोप पाण्यात उभं असतं आणि तहानेने मान टाकतं. आपण बघतो, म्हणतो ‘अरेरे, सुकलं’, आणि आणखी तांब्याभर पाणी ओततो. खरंच तहानलेल्या रोपाचा कप हलका असतो, पान कागदासारखं पातळ लागतं आणि पाणी दिल्यावर तासाभरात ते उभं राहतं. दुपारी मान टाकून संध्याकाळी सावरणारं रोप तर आजारीच नाही, त्याला ऊन लागलं इतकंच.

काणकोणातली खोल्याची मिरची ऐन पावसाळ्यात डोंगरउतारावर पिकते. आपल्याकडे शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो, तरी ती कुजत नाही, कारण उतारावर पाणी थांबत नाही. त्या मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये. पोर्तुगीजांनी समुद्रापलीकडून आणलेलं पीक आज आपल्या गावांच्या नावाने ओळखलं जातं, आणि आपण ते दह्याच्या बिनभोकाच्या कपात बुडवतो!

आता पिवळेपणाकडे वळू. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी पडतंय, कारण रोप जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. इथे उलट झालंय: शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. पण मातीचा रंग बघा. काकींनी परसातली जांभ्याची माती भरली आहे आणि तिचा लाल रंगच लोखंडाचा आहे. लोखंडाच्या ढिगाऱ्यात उभं राहून रोपाला लोह मिळत नाही, म्हणजे दोष मातीचा नाही, मुळाचा आहे. वर राखेची भर पडली. राखेने मातीचा आंबटपणा जातो आणि मातीत असलेलं लोहही मुळाला घेता येत नाही. आपल्या मातीला चिमूटभर राख चालते, कपभर मातीला मूठभर चालत नाही.

रोप जमिनीलगत बारीक होऊन, दोऱ्यासारखं आवळून आडवं पडलं असेल तर ते वाचणार नाही. मातीसकट काढून टाका, कप चुन्याच्या पाण्याने धुवा आणि बाकीची रोपं वाऱ्यावर ठेवून कोरडी करा. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, ती पेरणीआधी मातीत मिसळली तर उपयोग, पडलेल्या रोपाला ती उठवत नाही. जुनी माणसं भाताचं तरवं, म्हणजे रोपं, पेरण्याआधी राब भाजायची, म्हणजे त्या जागेवर पालापाचोळा जाळायची, त्यात रोगाची बरीचशी बुरशीही भाजून निघायची. एप्रिल-मेच्या उन्हात भिजवलेली माती पारदर्शक प्लॅस्टिकखाली महिनाभर ठेवली तरी तेच काम होतं.

पानं वर वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर कोळी नावाची बारीक कीड. पान उलटून बघा, मगच फवारणीचं बोला. लांबट, काडीसारखं वाढलेलं रोप उजेड मागतं, बाकी त्याला काही झालेलं नाही. किनाऱ्यावरच्यांनी मातीवर मिठाची पांढरी पापडी येते का तेही बघावं, उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात.

हरमलचं नाव निघालं म्हणून एक सांगतो. मागे तिथला एक तरुण मोबाईलवर रोपाचा फोटो घेऊन आला, ‘सर, मिरची पिवळी पडते.’ पानांना करवतीसारखे दाते! मी म्हटलं, बाबा, ही मिरची नव्हे, आणि १९८५ च्या कायद्याने गांजा लावणं गुन्हा आहे, ह्या रोग्याला मी तपासत नाही. पण जाता जाता माझ्या तोंडून निघालंच, ‘पाणी जास्त झालंय.’ फोटोत कपाखालची बशी काठोकाठ भरलेली होती.

तर हे रोप. कुजलेली मुळं कात्रीने कापतो, दोन-तीन पांढरी उरली आहेत, तेवढी पुरतात. नव्या मिश्रणात दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग जुनं मुरलेलं शेणखत. पहिल्या बीजपानांच्या खालपर्यंतच पुरायचं, जास्त खोल नाही. पाणी एकदाच, तळातून गळेपर्यंत. मग चार-पाच दिवस बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, उजेड असेल पण थेट ऊन नसेल अशा जागी. खत नाही, चहा नाही, टरफलं नाहीत. ही पिवळी पानं बहुधा हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघत बसू नका. नजर शेंड्यावर ठेवा. तिथे नवं हिरवं पान फुटलं की मुळं चालायला लागली असं समजा, आणि त्यानंतर पातळ शेणपाणी, तेही आठवड्यातून एकदा.

काकी विचारताहेत, नाहीच जगलं तर? आजच पाच बिया दुसऱ्या कपात घाला, आठ-दहा दिवसांत उगवतील. छिद्रं पाडायला खिळा चुलीवर तापवून घ्या, थंड खिळ्याने कप चिरतो.