गोव्याच्या वाटेवर, एक दिवस बेळगावात

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्या-कोल्हापूरकडून गाडीनं गोव्याला निघालेली मंडळी बेळगावात थांबतात ती चहापुरती. कुंद्याचा एखादा डबा घ्यायचा आणि चोर्ला घाटाकडे वळायचं. यंदा मी आणि माझे यजमान घरून निघतानाच ठरवून निघालो होतो की अख्खा दिवस बेळगावला द्यायचा. आपल्याकडे हे गाव एक तर वाटेवरचा थांबा म्हणून माहीत असतं, नाही तर सीमावादाच्या बातम्यांमधून. त्यात खुद्द बेळगाव बघायचं राहूनच जातं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

कागल सोडलं की कोगनोळीला कर्नाटक सुरू होतं. निपाणी, संकेश्वर मागे पडतं. बेळगावच्या अलीकडे काकती लागतं, ते कित्तूरच्या राणी चेन्नम्माचं माहेर. तिथून शहर हाकेच्या अंतरावर.

आम्ही आधी किल्ल्यात गेलो. खंदक ओलांडून आत शिरलं की कमल बस्ती आहे, १२०४ सालचं जैन मंदिर. रट्ट राजांच्या काळात बांधलेलं. गाभाऱ्यात नेमिनाथांची काळ्या पाषाणातली मूर्ती आहे. तिला नमस्कार करून मंडपात आलात की मान वर करा. छतातून दगडाचं एक कमळ खाली उतरलेलं आहे. त्याला बहात्तर पाकळ्या. होऊन गेलेले चोवीस तीर्थंकर, आताचे चोवीस आणि पुढे होणारे चोवीस. मान दुखायला लागली तरी नजर खाली येत नव्हती.

यजमान मात्र खांबांपाशी रेंगाळले होते. त्यांचा सगळा जन्म फौंड्रीत आणि लेथवर गेलेला. गोल कडांवरून बोट फिरवत म्हणाले, "अगं, हे कातलेले खांब आहेत. दगड फिरवत ठेवून हत्यार लावल्याशिवाय अशी गोलाई येत नाही." मग मीही हात लावून बघितला. आठशे वर्षांपूर्वीचा दगड, पण एकाही वळीला खरखर नाही. ज्याचं काम त्यालाच दुसऱ्याच्या कामाची किंमत कळते. मला तर ते खांब त्यांच्यामुळेच दिसले.

यंत्रांचा विषय निघालाच आहे तर सांगते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली उद्योगाची सुरुवात केली ती या बेळगावात, सायकलच्या दुकानापासून. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला. कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे. तिथं चालताना यजमान जरा हळूच चालत होते, ते मी बघितलं.

दुपारी मांडे. एका घरगुती दुकानात मावशी करत होत्या आणि त्यांनी जवळ बसून बघू दिलं. सैलसर कणकेचा उंडा, त्यात पिठीसाखर, तूप, खसखस. लाटून झालं की ती पोळी दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत वाढवायची. हातभर झाली की पालथ्या कढईवर टाकायची. क्षणभरात भाजते, आणि गरम आहे तोवरच घडी घालावी लागते, गार झाली की मोडलीच. "घाई करू नगासा, बसा की निवांत," असं मावशी आम्हाला म्हणत होत्या आणि स्वतः मात्र अंगठ्यांनी भराभर घडी घालत होत्या.

जेवणानंतर टिळकवाडी. १९२४ च्या डिसेंबरमध्ये इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते या अधिवेशनात. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी व्यवस्था उभी केली होती. आलेल्या हजारो माणसांना पाणी हवं म्हणून मोठी विहीर खणली, ती अजून आहे. अधिवेशनात स्वागतगीत म्हणायला एक लहान मुलगी उभी होती, तिचं नाव गंगूबाई हनगल. त्याआधी आठ वर्षं, १९१६ मध्ये, लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापन केली तीही बेळगावातच. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना ही दोन्ही सालं पाठ असतात. सहलीच्या गाड्या मात्र इथं क्वचितच येतात.

संध्याकाळी गणपत गल्ली, खडे बाजार, आणि तिथून शहापूरला. शहापूर म्हणजे साड्या आणि विणकर. हा भाग पूर्वी सांगली संस्थानात होता आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांकडे. तेव्हा हद्द या गावाच्या पोटातूनच जात होती. साडीच्या दुकानातले काका माझ्याशी मराठीत, शेजारच्या बाईंशी कन्नडमध्ये आणि गड्याशी उर्दूत बोलत होते, आणि तिघांनाही चहा येत होता.

म्हणून वाद नाही असं मी म्हणणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. दरवर्षी त्याच तारखेला गावात एकीकडे राज्योत्सव असतो आणि दुसरीकडे मराठी माणसं काळा दिन पाळतात. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. काकांना विचारलं तर त्यांनी हातातली साडी घडी करून ठेवली आणि म्हणाले, "वडील वाट बघत गेले." आवाज चढला नाही, पण दुखतंय ते कळलं. पुण्या-मुंबईत बसून बेळगावबद्दल तावातावानं बोलणाऱ्या प्रत्येकानं एकदा इथं येऊन या माणसांशी बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

जाणार असाल तर किल्ला सकाळी करा, तो भाग लष्कराच्या ताब्याजवळचा आहे, ओळखपत्र जवळ असू द्या. मांडे हवे असतील तर आधी सांगून ठेवा आणि गाडीत ते सगळ्यात वर ठेवा. चोर्ला घाट मात्र अंधारात करू नका. आम्ही रात्री बेळगावातच मुक्काम केला आणि उजाडल्यावर निघालो.

नमस्कार.