विधानसभेचा कौल विधानसभेपुरता

मित्रहो, चार-पाच राज्यांच्या निवडणुका एकदम लागल्या की ‘लोकसभेची सेमीफायनल’ ही पाटी वाहिन्यांवर झळकायला लागते. मतमोजणीच्या दिवशी दुपारचं जेवण होण्याआधी देशाचा मूड काय आहे, पंतप्रधानांची लोकप्रियता वाढली की घसरली, याचे निष्कर्ष निघालेले असतात. ज्या राज्यात मतदान झालं तिथल्या कालव्यांचा, शाळांचा, पोलीस ठाण्यांचा विषयसुद्धा निघत नाही. मी उजव्या विचारांचा माणूस आहे. जुन्या संस्था सहजासहजी मोडू नयेत, माणसाच्या जवळची सत्ता दूरच्या सत्तेपेक्षा मोलाची मानावी, असं मला वाटतं. आज जे सांगणार आहे ते मुख्यतः माझ्याच बाजूच्या मंडळींना सांगायचं आहे. राज्याच्या निवडणुकीला देशाच्या मनःस्थितीची चाचणी मानायची सवय आपण सोडायला हवी. ती आकड्यांत टिकत नाही आणि आपल्या विचारातही बसत नाही.

आधी आकडे बघू. डिसेंबर २००३ मध्ये भाजपने मध्य प्रदेशात २३० पैकी १७३, राजस्थानात २०० पैकी १२० आणि छत्तीसगडमध्ये ९० पैकी ५० जागा जिंकल्या. हवा आपलीच आहे असं मानून लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली. मे २००४ मध्ये निकाल लागला: काँग्रेस १४५, भाजप १३८. वाजपेयींचं सरकार गेलं. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात आणि ‘इंडिया शायनिंग’ या घोषणेवर खापर फोडून मोकळे होतात. मला त्यापुढचा तपशील महत्त्वाचा वाटतो. त्या तीन राज्यांत लोकसभेच्या एकूण जागा ६५, आणि २००४ च्या त्याच पराभवात भाजपने त्यांतल्या ५६ जिंकल्या होत्या. म्हणजे मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड यांनी फसवलं नव्हतं. त्यांनी स्वतःबद्दल जे सांगितलं ते खरंच होतं. घात झाला तो आंध्रात, जिथे भाजपचे मित्र चंद्राबाबू नायडूंचा पार धुव्वा उडाला, आणि तमिळनाडूत, जिथे ३९ पैकी ३९ जागा द्रमुकच्या आघाडीने नेल्या. भोपाळ आणि जयपूरच्या निकालात विजयवाड्याचं आणि मदुराईचं मत नव्हतंच. ते तिथे शोधणाऱ्यांची चूक झाली.

आणि हे एकदाच घडलं असंही नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये कांदा भडकला, दिल्ली आणि राजस्थान भाजपच्या हातून गेलं, आणि वाजपेयींचे दिवस भरले असं सगळीकडे लिहून आलं. वर्ष उलटायच्या आत लोकसभेची निवडणूक झाली, त्याच दिल्लीने सातच्या सात खासदार भाजपचे दिले आणि वाजपेयी पुन्हा पंतप्रधान झाले. २०१८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड तिन्ही गेली. पाचच महिन्यांनी तिथल्या ६५ पैकी ६१ जागा भाजपच्या. २०२३ मध्ये तिन्ही परत आली. २०२४ मध्ये राजस्थानातल्या २५ पैकी १४ च राहिल्या आणि देशभरात ३०३ वरून पक्ष २४० वर आला. ज्या चाचणीचं उत्तर दर वेळी वेगळ्या दिशेला जातं, तिला चाचणी का म्हणायचं?

आता जरा घराजवळ येऊ. ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा आठवा. ५ ऑगस्टला राज्यसभेत कलम ३७० चा ठराव आला. त्याच आठवड्यात पंचगंगा आणि कृष्णा पात्र सोडून वाहत होत्या. कोल्हापूर-सांगलीकडचे रस्ते बंद, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याखाली, जनावरं दावणीला मेलेली, उसाचे फड कुजलेले. ऑक्टोबरमध्ये विधानसभेचा प्रचार सुरू झाला तेव्हा दिल्लीहून आलेल्या मोठ्या नेत्यांच्या भाषणांत ३७० ला मोठी जागा होती. मी ३७० हटवण्याच्या बाजूचा आहे, आजही आहे. पण ज्याच्या घरात अजून गाळ आहे, पंचनाम्याचा कागद कुठे अडकला ते ज्याला कळत नाही, त्याने आमदार निवडताना काश्मीरकडे बघून बटण दाबावं ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी होती. मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्याने लोकसभेच्या दोन्ही जागा युतीला दिल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये विधानसभेच्या दहापैकी एकही जागा भाजपला मिळाली नाही. उमेदवारी, बंडखोरी, स्थानिक गटातटांची भांडणं ही कारणं होतीच. पुरामुळेच सगळं झालं असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की त्या मतदाराला ३७० आवडलं की नाही हे त्या निकालातून कळत नाही. तो प्रश्न त्याला विचारलेलाच नव्हता.

याहून बोलकं उदाहरण नांदेडचं आहे. वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे लोकसभेची पोटनिवडणूक लागली आणि ती विधानसभेबरोबरच, २० नोव्हेंबर २०२४ ला झाली. एकच दिवस, एकच केंद्र, तीच रांग, बोटाला तीच शाई, आत दोन यंत्रं. लोकसभेच्या यंत्रावर काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी जिंकले. त्याच मतदारसंघातल्या विधानसभेच्या सहाही जागा, भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड, महायुतीने जिंकल्या. हजारो माणसांनी दोन पावलांच्या अंतरात दोन वेगळी बटणं दाबली. १९९९ मध्ये महाराष्ट्रात दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या तेव्हाही असंच झालं होतं: ४८ पैकी २८ खासदार युतीचे, आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख. तेव्हा दोन्ही काँग्रेस वेगवेगळ्या लढल्या होत्या, ते गणित त्यात होतंच. नांदेडला मात्र तेवढीही सबब नाही.

आपल्या मंडळींनी २३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल देशाचा कौल म्हणून मिरवला. मला आनंद झाला होता, तो मी लपवत नाही. पण जूनमध्ये महायुतीचे १७ खासदार आणि नोव्हेंबरमध्ये २३० आमदार, यातून महाराष्ट्राचं राष्ट्रीय मत पाच महिन्यांत उलटलं असा अर्थ काढायचा असेल, तर मतदाराला विचार नसतो, नुसते झटके येतात असं म्हणावं लागेल. तसं मला मुळीच वाटत नाही. महिन्याला खात्यावर येणारे पंधराशे रुपये, आपल्या तालुक्यात कोण उपयोगी पडतो, कोणत्या गटाकडे कारखाना आहे, मराठा आणि ओबीसी समाजांची आपापली गणितं, हे सगळं त्यात होतं. यांतलं बरंचसं दिल्लीच्या हातातलं नाही.

आता ज्या भागासाठी मी आज मुख्यतः उभा आहे तिकडे वळतो. निवडणुकांचा हा अर्थ लावणं केवळ वाहिन्यांपुरतं असतं तर मी त्यावर तासभर बोललो नसतो. या देशात त्याच अर्थाच्या जोरावर निवडून आलेली सरकारं घालवली गेली आहेत.

मार्च १९७७. आणीबाणीनंतर उत्तर भारतात काँग्रेस साफ झाली. उत्तर प्रदेशात ८५ पैकी एकही जागा नाही, बिहारमध्ये ५४ पैकी एकही नाही. एप्रिलमध्ये नव्या जनता सरकारचे गृहमंत्री चरणसिंग यांनी काँग्रेसच्या नऊ मुख्यमंत्र्यांना पत्रं लिहिली: लोकांनी तुमचा पक्ष नाकारला आहे, राज्यपालांना विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला द्या. मुख्यमंत्री न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या बाजूने निकाल दिला, आणि नऊ विधानसभा गेल्या. आणीबाणीचा राग मी समजू शकतो, तो माझ्याही घरात होता. पण त्या मंत्रिमंडळात वाजपेयी होते, अडवाणी होते, आपली माणसं होती. ती पायवाट आपणही पाडली. १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या आणि त्याच वाटेने चालत फेब्रुवारीत नऊ सरकारं बरखास्त केली. त्यात राजस्थानातलं भैरोंसिंह शेखावत यांचं सरकार होतं, महाराष्ट्रातलं शरद पवारांचं पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकारही होतं. युक्तिवाद शब्दाशब्दाने तोच: लोकसभेत देशाने कौल दिला, आता राज्याचा कौल शिळा झाला.

या युक्तिवादाला उत्तर मतदारांनी दिलं, कर्नाटकात. डिसेंबर १९८४ च्या लोकसभेत काँग्रेसने तिथल्या २८ पैकी २४ जागा घेतल्या. तिथले जनता पक्षाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी नैतिक जबाबदारी मानून विधानसभा विसर्जित करायला सांगितली. मार्च १९८५ मध्ये त्याच मतदाराने हेगडेंना २२४ पैकी १३९ जागा देऊन परत बसवलं. पुढे केंद्र-राज्य संबंध तपासणाऱ्या सरकारिया आयोगाने स्पष्ट लिहिलं की राज्यातला सत्ताधारी पक्ष लोकसभेत दारुण हरला एवढ्याच कारणाने ३५६ कलम, म्हणजे राष्ट्रपती राजवट, लावता येणार नाही, आणि मार्च १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम मनमानी वापरायची वाट बरीचशी बंद केली. बोम्मई निकालाचा दुसरा भाग, डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी पाडल्यानंतर भाजपची सरकारं बरखास्त करण्याला दिलेली मान्यता, आपल्यातल्या अनेकांना पटत नाही. तरी पहिल्या भागाचं ऋण मानायला हवं.

परंपरा मानणाऱ्या माणसाला हे सगळ्यांत आधी कळायला हवं. कौल म्हणजे हवेत तरंगणारी भावना नसते. ठरावीक माणसाला, ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीपुरता दिलेला तो अधिकार असतो. त्याला कुणीतरी दिल्लीत बसून मोठा अर्थ चिकटवला की तो मूळ मालकाकडून काढून घेतल्यासारखंच होतं. जनसंघाने एकेकाळी एककेंद्री राज्यरचना मागितली होती, हे मला माहीत आहे. पण उजव्या विचारांची दुसरीही धारा या देशात होती. राजाजींचा स्वतंत्र पक्ष १९५९ मध्ये निघाला तोच सत्तेच्या केंद्रीकरणाविरुद्ध, आणि १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा मिळवूनही त्याला सत्ता मिळाली ती ओडिशासारख्या राज्यात. त्या धारेकडे आपण पाठ फिरवली याचं मला दुःख आहे.

कुणी म्हणेल, राज्याच्या निकालातून देशाचं कधीच काही कळत नाही का? कळतं. जून १९७५ मध्ये गुजरातने जनता मोर्चाला सत्तेवर आणलं, १९८७ मध्ये हरियाणात देवीलाल यांनी काँग्रेसला पाच जागांवर आणलं. दोन्ही वेळा पुढचं वारं त्यात दिसत होतं. कारण राज्यात जो राग होता तोच देशात होता. शिवाय आमदार राज्यसभा निवडतात, म्हणून विधानसभा हरणं दिल्लीलाही सहा-सहा वर्षं जाणवतं. हा परिणाम खरा आहे, मोजता येतो, त्याबद्दल जरूर बोलावं.

शेवटचा मुद्दा एकत्रित निवडणुकांचा, कारण प्रश्नोत्तरांत तो येणारच. १७ डिसेंबर २०२४ ला १२९ वी घटनादुरुस्ती सुचवणारं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. वारंवार लागणारी आचारसंहिता, निवडणुकीच्या कामाला जुंपलेले शिक्षक, अडलेली टेंडरं, हे त्रास खरे आहेत आणि मला ते मान्य आहेत. माझा आक्षेप एका तरतुदीवर आहे. विधानसभा मध्येच विसर्जित झाली तर नवी विधानसभा फक्त उरलेल्या मुदतीपुरती निवडायची, म्हणजे तिची मुदत लोकसभेच्या मुदतीला बांधलेली. मुंबईत सरकार तिसऱ्या वर्षी पडलं, तर नव्या मुख्यमंत्र्याला लोकांनी भरभरून मतं दिली तरी हातात दोनच वर्षं. विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ सालची आहे. दोन वर्षांसाठी निवडून आलेला माणूस अशा धरणाच्या कालव्यांना हात का घालेल, हे विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या मित्रांनी मला सांगावं. प्रश्नोत्तरांची सुरुवात त्यांच्यापासूनच करू.