धाब्याच्या घरातलं वाय-फाय

(दृश्य: अमळनेर. सकाळची गल्ली. एका जुन्या घराचं लाकडी दार उघडतं.)

गल्लीतून पाहिलं तर हे घर जेमतेम १४ फूट रुंद. आत शिरलं की संपता संपत नाही. ओटा, बैठक, चौक, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे पत्र्याखालचं खळं. लांबी ७० फूट, भिंती मातीच्या, वर धाबं. खिडकीच्या कोनाड्यात मी हात घातला. कोपरापर्यंत आत गेला, तरी पलीकडचा गज बोटाला लागला नाही. मे महिन्यात खान्देश भाजून निघतो, तेव्हाही माजघर गार असतं ते या भिंतींच्या जोरावर.

आणि याच भिंती वाय-फाय अडवतात.

या घरातली नात एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करते. याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तेल-तुपाची म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली, तेव्हा संगणकाचं काम या गावाला परकं नाही. राऊटर बैठकीत, कारण फायबरची तार तिथपर्यंतच आली. तिचं टेबल माजघरात, कारण गारवा तिथे. मीटिंगमध्ये आवाज तुटला की लॅपटॉप उचलून ती भर उन्हात चौकात यायची. आजी रोज बघायची. म्हणाली, "आठे लागस, तठे लागत नही."

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर सिग्नलचे आकडे.)

आजीचं वाक्य आम्ही मोबाइलवर मोजलं. बैठकीत उणे ४५. माजघरात उणे ७४. स्वयंपाकघरात उणे ८३. आकडा शून्यापासून जितका लांब, तितका सिग्नल दुबळा. व्हिडिओ कॉल नीट चालायला तो उणे ६७ च्या आत असलेला बरा. मोजणी ५ गिगाहर्ट्झची आहे. वाय-फायच्या लहरींचा हा पट्टा वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर दमतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती जास्त पार करतो, मात्र त्याचा वेग कमी, आणि शेजारपाजारच्या राऊटरांची गर्दीही त्यावरच.

याआधी इथे एक रिपीटर, म्हणजे मिळालेला सिग्नल पुढे देणारा डबा, आणला होता. लावला स्वयंपाकघरात, जिथे रेंज नव्हती तिथेच. मोबाइलवर दांड्या भरल्या, नेट मात्र चालेना. त्याच्या हाती बैठकीतून काही येतच नव्हतं, तर तो पुढे काय देणार?

दुसरा उपाय मेश वाय-फायचा. त्यात वाय-फायचे दोन-तीन डबे एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं जाळं उभं करतात. फोन घेऊन तुम्ही चाललात की तो एका डब्यावरून दुसऱ्यावर जातो. पण डबे आपसात बोलतात ते कशावरून, हा खरा प्रश्न आहे. बिनतारी बोलत असतील तर त्यांनाही त्याच भिंती आडव्या येतात. त्यात दोनच पट्ट्यांचा डबा असेल, तर एकाच पट्ट्यावरून तो तुमच्याशीही बोलतो आणि दुसऱ्या डब्याशीही. वेग निम्म्यावर येऊ शकतो. तीन पट्ट्यांच्या महाग संचात एक पट्टा डब्यांसाठी राखून ठेवता येतो. तरी मातीची भिंत ती मातीची भिंतच.

म्हणून माझं स्पष्ट मत: अशा घरात महाग संचाआधी तार ओढा.

(दृश्य: चौकाच्या कडेने जाणारी काळी केबल. खिडकीची चौकट जवळून.)

कॅट ६ ही नेटची केबल १०० मीटरपर्यंत चालते. इथे २० मीटर पुरली. तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. चौकात ऊन लागतं, म्हणून बाहेर वापरायची काळ्या आवरणाची घेतली. मातीच्या भिंतीला ड्रिल लावलं की पोपडे सुटतात; सुताराने खिडकीच्या सागवानी चौकटीतून बारीक भोक पाडलं आणि तार माजघरात घेतली.

मग डबा निवडणं सोपं झालं. तिनाचा संच नको, दोनच पुरे. दोन्ही डब्यांना तारेचा पोर्ट हवा, आणि तो गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा. काही स्वस्त डब्यांत तो १०० एमबीपीएसवरच अडतो. नेटचा प्लॅनच १०० चा असेल, तर वाय-फाय ७ या नव्या पिढीच्या खोक्यावर पैसे घालवायची गरज नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे डबे जमतीलच असं धरू नका. जुन्या राऊटरचं वाय-फाय बंद करा.

एक गोष्ट दुकानात कोणी विचारत नाही: वीज गेल्यावर काय? फायबरचा डबा आणि दोन्ही मेश, तिघांना वीज लागते. बैठकीतले दोन इन्व्हर्टरवर आहेत. माजघरातल्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर ताडून.

(दृश्य: आजी फोन हातात धरून ओट्यावरून आत येते.)

पुण्याच्या नातवाशी बोलत आजी ओट्यावरून निघाली. बैठक, चौक, माजघर. चुलीपाशी पोहोचली तरी त्याचा चेहरा थांबला नाही. स्वयंपाकघरात आता उणे ६१.

खळ्यात अजून उणे ७८ आहे. तिथे तिसरा डबा लावायचा का, हे श्रावणात ठरेल. भिजलेली भिंत सिग्नल आणखी पिते, तेव्हा पुन्हा मोजायचं.